राजा जेव्हा वैद्यकाचा इतिहास लिहितो



काठेवाडातल्या गोंडल संस्थानाचे ठाकोरसाहेब भगवतसिंहजी चार वर्षांचे होते तेव्हाच त्यांचे वडील वारले. १८८४ साली राज्यकारभार हाती आला. गादीवर बसल्यावर पुन्हा शाळेच्या बाकावर कोण बसेल? हे बसले. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि १८९५मध्ये तिथेच ते एम.डी. झाले.

त्या एम.डी.साठी त्यांनी विषय निवडला आपल्या आयुर्वेदाच्या इतिहासाचा. पुढच्याच वर्षी तो प्रबंध लंडनमध्ये इंग्रजी ग्रंथ म्हणून छापला गेला. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. ज्यांच्या हातात रोज चिमटे आणि सुऱ्या होत्या, त्या डॉक्टरांपुढे त्यांनी हा वारसा मांडला. त्यांचा अभिमान काही ठिकाणी पुराव्याच्या पुढे धावतो, आणि हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पण नव्या विद्येची परीक्षा देऊन मग जुनीची बाजू मांडणे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

असे ज्ञान लिहून ठेवणे किती गरजेचे असते, याचा दाखला आपल्या पुण्याचाच आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक गमावून बसला. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ही हकिकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८१४मध्ये तीच रीत वापरली, आणि पुढे ती युरोपभर गेली. त्या हकिकतीत रुग्णाचे नाव आहे. नाक करणाऱ्याची मात्र फक्त जात सांगितली आहे, विटा घडवणाऱ्यांची. एवढा मोठा हात, पण त्याचे नाव त्यात नाही!

भगवतसिंहजी १९४४ साली वारले. नऊ खंडांचा गुजराती शब्दकोश ‘भगवद्गोमंडल’ हेही त्यांचेच काम.

श्रोतेहो, आपल्या माळ्यावर एखाद्या वैद्य पणजोबांचे मोडीतले बाड असेल, औषधांची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी एकदा नेऊन दाखवा.