गाडीची युनिटं कोणत्या टप्प्यात बसतात?



बचत गटाच्या बैठकीत हल्ली विजेवरच्या स्कूटरसाठी कर्ज मागितलं जातं. भाजी, पापड, दूध घेऊन बाजार गाठायचा तर गाडी हवीच. मागणारी म्हणते, "पेट्रोलचे पैसे वाचतील, त्यातून हप्ता जाईल." पण किती वाचतील, ते घरच्या वीजबिलावर ठरतं. म्हणून आम्ही कर्जाच्या अर्जासोबत वीजबिलही पाहतो.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. महिन्याची पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढची आणखी महाग. २०२४-२५ च्या दरांत, वहन आकार धरून, पहिल्या टप्प्याचं युनिट ५ रुपये ८८ पैशांना पडायचं आणि दुसऱ्याचं ११ रुपये ४६ पैशांना. वीजशुल्क वेगळं. १०१ वं युनिट जळलं म्हणून सगळं बिल महाग होत नाही, वरची युनिटंच महाग लागतात. पण गाडीची युनिटं वरचीच असतात ना!

समजा, तीन युनिटांची बॅटरी महिन्यात दहा वेळा भरली. वाया जाणारी वीज धरून ३५ युनिटं लागली. घरात आधी ६० युनिटं जळत असतील, तर गाडीचा खर्च सुमारे २०६ रुपये. ९० जळत असतील, तर ३४५. १२० जळत असतील, तर ४०१. पेट्रोलपेक्षा तिन्ही घरांत कमीच, पण एकीला दुसरीच्या जवळजवळ दुप्पट!

१ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली, युनिटमागे ८० पैशांपासून. सकाळचा बाजार उरकून गाडी दुपारी घरी असेल, तर तेव्हाच चार्जिंगला लावा. ३५ युनिटांवर २८ रुपये वाचतील. पण जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालतो, तो महिन्याला २७ युनिटं खातो. कमी वीज घेणारा ३० वॅटचा पंखा ११ युनिटांत भागवतो. वाचलेली १६ युनिटं महागड्या टप्प्यातली असतील, तर १८० रुपये सुटतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वतःची गाडी घरी चार्ज केली, तर घरगुतीच दर लागतो. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या घरच्या मीटरवर चार्ज करू नका. शेतीपंपाच्या जोडणीवर तर गाडी लावूच नका, तो वीज कायद्याने अनधिकृत वापर ठरतो.

दर बदलत राहतात. तेव्हा पुढच्या बैठकीला ताजं बिल आणा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. उन्हाळ्यातला आकडा आधी बघू, मग हप्ता ठरवू.