माउस बाईंच्याच हातात राहू द्या

आज मी बोलणार आहे ते मुख्यतः तंत्रस्नेही शिक्षकांशी. केंद्रातल्या कुठल्याही शाळेत प्रोजेक्टर रुसला, लिंक उघडेना, की ज्यांचा फोन वाजतो ते हे लोक. काही गावांत हे काम शाळेतल्या बाईंचा इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा करतो, नाहीतर शाळेचाच एखादा माजी विद्यार्थी. हल्ली तुमच्याकडे नवी मागणी येते, "सर, आमच्या शाळेला ते एलएमएस लावून द्या ना." पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी ते कसं लावावं, आणि लावताना आपण स्वतः कसं वागावं, एवढाच आजचा विषय.

एलएमएस म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम. नाव भारदस्त असलं तरी काम ओळखीचं आहे. धडे, व्हिडिओ, स्वाध्याय, चाचण्या आणि कोणी काय पूर्ण केलं याच्या नोंदी एका जागी लावून ठेवायच्या. एक नाव गूगल क्लासरूम. ते आपल्यापैकी अनेकांनी २०२० साली, शाळा बंद असताना, पहिल्यांदा पाहिलं. दुसरं नाव मूडल. मार्टिन डुगियामास यांनी ते ऑस्ट्रेलियात तयार केलं, २००२ साली पहिली आवृत्ती काढली आणि सगळ्यांना मोफत खुलं केलं. या डुगियामासांचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात गेलं. जवळ शाळा नव्हती, म्हणून त्यांचे सुरुवातीचे धडे झाले ते रेडिओवरून. आकाशवाणीच्या स्टुडिओत बसून हे सांगताना मला थोडा आनंद होतोय, तो आपण समजून घ्यावा. तिसरं कोलिब्री. जिथे इंटरनेट पोचत नाही तिथल्यासाठी ते आहे. शाळेतल्या एका लॅपटॉपवर सगळे धडे साठवायचे आणि वाय-फाय राउटरवरून वर्गातल्या टॅबना द्यायचे. त्याचे पडदे मराठीतही दिसतात.

यांतलं घ्यायचं कुठलं? माझं मत स्पष्ट आहे. मूडल उत्तम आहे, पण एखाद्या द्विशिक्षकी शाळेसाठी स्वतंत्र मूडल उभं करू नका. त्याला सर्व्हर लागतो, वेळोवेळी अपडेट लागतं, बॅकअप लागतो. तुम्ही हे सगळं हौसेनं कराल, आणि मग बदल्यांची यादी निघेल. तुम्ही दुसऱ्या तालुक्यात, आणि मागे राहिलेल्या बाईंना पासवर्डसुद्धा ठाऊक नाही! मूडल शोभतं ते डाएटसारख्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेसारख्या, ठिकाणी, जिथे ते सांभाळायला नेमलेला माणूस आहे. शाळेत नेट बरं असेल तर क्लासरूम, नसेल तर कोलिब्री. आणि काहीही लावलंत, तरी ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

पहिल्या भेटीत मात्र कॉम्प्युटर उघडूच नका. बाईंना त्यांच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवायला सांगा. सोमवारी पाठवलेली वजाबाकीची उदाहरणं, त्यावर चार सुप्रभात, एक वाढदिवस, लसीकरणाची सूचना आणि कुणाची तरी म्हैस विकणे आहे. गुरुवारी एका आईचा निरोप, "मॅडम, अभ्यास परत पाठवता का?" मॅडम परत पाठवतात. जूनपासून परीक्षेपर्यंत पाठवत राहतात. पुढच्या जूनमध्ये नवा ग्रुप, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हा एक त्रास कमी होणार आहे, एवढं दाखवलंत की एलएमएसचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही. ते दाखवलं नाहीत, तर पोषण आहाराची माहिती, सरल, यू-डायस यांच्या रांगेत आणखी एक ऑनलाइन काम आलं, असंच त्यांना वाटणार. आणि ते वाटणं रास्त आहे.

मग एकच घटक निवडा. तिसरीची हातच्याची वजाबाकी म्हणा. अख्ख्या वर्षाचा सांगाडा पहिल्याच दिवशी उभा करू नका, रिकामी कपाटं पाहून माणूस दबतो. व्हिडिओ नव्यानं बनवायच्या फंदातही पडू नका. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, ते थेट ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावर नेतात. दीक्षा २०१७ पासून चालू आहे. पुस्तकात क्यूआर कोड घालण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला. पुढे त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते सर्वांना माहीत आहे. तेव्हा तयार व्हिडिओ आहेत. बाईंचं स्वतःचं जे आहे, म्हणजे फळ्यावरचं उदाहरण, हातानं लिहिलेली स्वाध्यायपत्रिका, त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि तो त्या व्हिडिओखाली लावा. घटक तयार झाला.

आता एक अडचण, जी मराठी शाळेत हटकून येते. बाईंच्या पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात, श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. त्यातला प्रश्न उचलून ऑनलाइन चाचणीत चिकटवला, की मराठी गायब, आणि इंग्रजी अक्षरं नि चिन्हांचा बुजबुजाट. बाईंना वाटतं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना फक्त देवनागरी रूप दिलेलं असतं. फाँट गेला की रूप गेलं. यावर कन्व्हर्टर मिळतात, पण त्यानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे घोळ होतोच. प्रश्न पाच-दहाच असतील, तर फोनवर मराठीत बोलून टाइप करणं सर्वांत सोपं. तसाच दुसरा घोळ, कुठे मूडल असलंच तर, त्यात मुलांची यादी चढवताना होतो. एक्सेलमधून ती साध्या सीएसव्हीत जतन केली, तर सगळ्या मुलांची नावं प्रश्नचिन्हं होतात. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. एवढ्याशा गोष्टीपायी अख्खी दुपार वाया जाऊ शकते.

द्विशिक्षकी शाळेत एकच बाई पहिली आणि दुसरी एकत्र शिकवतात. तिथे क्लासरूममध्ये इयत्तांचे दोन वेगळे वर्ग काढावेत की एकच? एकच काढा, आणि आत ‘पहिली मराठी’, ‘दुसरी गणित’ असे विभाग करा. दोन्हीकडे तोच निरोप पुन्हा पुन्हा टाकत बसावं लागत नाही.

आणि मुलांचं काय? पहिलीतल्या मुलाला पासवर्ड टाइप करता येत नाही, आणि फोन त्याचा नसतो. तो वडिलांचा असतो, आणि वडील कामावरून येतात संध्याकाळी सातनंतर. त्यामुळे स्वाध्यायाची मुदत दुपारी चारची ठेवणं व्यर्थ आहे. शनिवार-रविवार धरून आठवडाभराची ठेवा. फोन ज्यांच्या घरी नाहीच, त्या मुलांना तेच काम कागदावर द्या आणि नोंद बाईंनी वर्गातच करावी. आपल्याकडे गूगलचं स्वतःचं खातं काढायला तेरा वर्षं पूर्ण लागतात. काही जण मुलाची खोटी जन्मतारीख टाकून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. शाळेनं किंवा संस्थेनं आपल्या डोमेनवर गूगलच्या शिक्षणासाठीच्या मोफत योजनेत नोंदणी करावी, नाहीतर पालकांनी आपल्या खात्यातून वर्गात यावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. म्हणून संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, पालक सभेत वाचून दाखवून घ्या. मुलाचा आधार क्रमांक किंवा जन्मतारीख पासवर्ड म्हणून कधीही देऊ नका.

आता तुमच्या वागण्याविषयी. बाई म्हणतील, "सर, तुम्हीच करून द्या, मी बघते." बघून येत नाही. जे तुम्ही चुटकीसरशी कराल, त्याला त्यांना पाच मिनिटं लागतील. बाण ‘क्लासवर्क’च्या अगदी जवळून जाईल, पुढे जाईल, परत येईल. तुमचा हात शिवशिवेल. तो पाठीमागे घ्या. ‘तिथे वर दाबा’ असं सांगण्याऐवजी पडद्यावरचा शब्द वाचायला सांगा. पायऱ्या त्यांना स्वतःच्या वहीत, स्वतःच्या भाषेत लिहू द्या. ‘अधिकच्या चिन्हावर टिचकी, मग कागदाचं चित्र’ असं त्यांनी लिहिलं असेल, तर ते तुमच्या चाळीस पानी पीडीएफपेक्षा जास्त वापरलं जातं. आणि निघण्याआधी एक गोष्ट न चुकता करा. दोघांनी मिळून केलेला घटक पुसून टाका, आणि बाईंना वहीत बघून एकटीनं पुन्हा करायला सांगा. राग येईल त्यांना. येऊ द्या. पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्याच बाईंना शेजारच्या शाळेतल्या बाईंशेजारी बसवा, तुम्ही दुसरीकडे चहा प्या.

शेवटी केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी ऐकत असतील, तर त्यांना एक विनंती. या कामाचं पहिलं वर्ष तरी कुणाकडून टक्केवारी मागू नका, लिंक भरायला लावू नका, जिओ-टॅगचे फोटो मागवू नका. एखाद्या शाळेत वर्षभरात पाचच घटक चढले, पण ते बाईंनी स्वतः चढवले आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा वापरले, तर त्या शाळेत एलएमएस बसलं असं खुशाल समजा.