उरलेला वेळ कोणाचा?



अधिवेशनापुढे पगाराचे, पेन्शनचे, रिक्त पदांचे विषय आहेतच. मी बोलणार आहे ते ग्रामीण डाक सेवकाच्या वेळेबद्दल, कारण त्याच्या सेवाशर्ती वेळेच्याच हिशेबावर उभ्या आहेत. पूर्वी ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणवल्या जाणाऱ्या या सेवकाचे पद नागरी पद आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. तरीही तो पूर्णवेळ कर्मचारी ठरला नाही. काम दिवसाला जास्तीत जास्त पाच तास आणि पोटापाण्याचे दुसरे साधन हवेच, असे नियम सांगतात. सेवकांच्या सेवाशर्तींचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर १ जुलै २०१८ पासून चार आणि पाच तासांचे दोन स्तर ठरले. या सेवकांपैकी सहायक शाखा पोस्टमास्तरला चार तासांसाठी सुरुवातीचा मूळ भत्ता १०,००० रुपये, पाच तासांसाठी १२,०००. तासावर मोबदला मोजण्याचे तत्त्व खात्याने स्वतःच स्वीकारले आहे. ते अर्धवट पाळता येणार नाही, एवढेच माझे म्हणणे.

चार तासांचे काम सलग असेल, तर उरलेला दिवस शेतीला किंवा दुकानाला देता येतो. तेच काम सकाळी टपालाच्या थैलीची वाट पाहण्यात, दुपारी बटवड्यात आणि संध्याकाळी हिशेब जुळवण्यात विखुरले, तर मोबदला चार तासांचा मिळतो आणि दिवस मात्र सगळा जातो. मग दुसऱ्या उपजीविकेची अट घालणारी व्यवस्थाच ती उपजीविका अशक्य करून ठेवते. वरून खाती उघडण्याचे मेळावे ऐनवेळी ठरले, की उरलासुरला वेळही त्याचा राहत नाही.

टपाल घटले आहे, तेव्हा काम वाढले कसे, असे विचारले जाते. पत्रे घटली हे खरेच. पण १ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि दारात उभ्या सेवकाच्या हाती बँकही आली. पत्र क्षणात हातावर ठेवता येते. आधारवर पैसे देताना बोटाचा ठसा जुळावा लागतो, नेटवर्क टिकावे लागते. नगांची संख्या मोजणाऱ्या हिशेबात हा वेळ दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: थैली आणणारी एसटी पावसाळ्यात घाटात अडकली, तर ते खात्याच्या हातात नाही. मान्य; पण ते सेवकाच्याही हातात नाही. मग एसटीच्या उशिराचा भार एकट्या सेवकाने का सोसावा? तिसरा आक्षेप तोट्याचा. खाते तोट्यात असेल, तर सेवा किती द्यायची आणि तिचा खर्च कोणी उचलायचा, हे सरकारने उघडपणे ठरवावे. सेवकाचा न मोजलेला तास तोटा कमी करत नाही, फक्त ताळेबंदातून लपवतो.

म्हणून मागण्या तीनच. प्रत्येक शाखा डाकघराच्या कामाची सलग वेळ लेखी ठरावी. थैलीसाठी किंवा नेटवर्कसाठी थांबावे लागले, तर तो वेळ कामात धरावा. हातातल्या यंत्रावर व्यवहारांच्या वेळा उमटतातच, त्यामुळे पडताळा अवघड नाही. मेळाव्यांची पूर्वसूचना मिळावी आणि त्यांचे तास मोबदल्यात किंवा सुटीत भरून द्यावेत. यांपैकी एकही मागणी सेवकाला पूर्णवेळ करा असे म्हणत नाही. पूर्णवेळ दर्जाचा लढा चालूच राहील. पण अर्धवेळ म्हणून नेमलेल्या माणसाला अर्धा दिवस खरोखर मोकळा मिळावा, यासाठी त्या लढ्याच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. या मागण्यांचा ठराव अधिवेशनाने आजच संमत करावा, अशी माझी विनंती आहे.