एक फाइल, दोन पत्रके

(वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



संगणक शिक्षणाचे महत्त्व या विषयावर मी बोलावे असे सुचविण्यात आले होते. ते महत्त्व आता कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूकच आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात १४ नियम होते. त्यांपैकी ५ व ६ फक्त वसतिगृहातील मुलांसाठी. दोन फाइली सांभाळण्यापेक्षा एकच ठेवावी आणि घरून येणाऱ्यांच्या प्रतीत हे दोन नियम लपवावेत, असे मी ठरविले. लिब्रेऑफिस रायटर या मोफत मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये तशी सोय आहे. मी 'हिडन टेक्स्ट' वापरले. मजकूर लपला, पण परिच्छेद तसाच राहिला आणि ५ व ६ हे आकडे रिकाम्या ओळींपुढे उभे राहिले. दिसायला वाईट, म्हणून मी त्या ओळी पुसल्या. पुढचे आकडे आपोआप दोनाने खाली सरकले. मात्र नियम ४ मध्ये मी हाताने टाइप केले होते, "फीसवलतीसाठी नियम ९ मधील दाखला जोडावा." ते वाक्य कसे सरकणार?

उत्पन्नाच्या दाखल्याचा नियम आता ७ झाला होता. नवव्या जागी आला होता शाळा सोडल्याचा दाखला. एक विधवा आई रोजंदारी बुडवून शेवटच्या दिवशी आली, ती तोच दाखला घेऊन. तिने पत्रक अक्षरशः पाळले होते. उत्पन्नाचा दाखला काही एका दुपारीत मिळत नाही. त्या वर्षी तिच्या मुलीची पूर्ण फी हप्त्याहप्त्याने भरली गेली.

आता यातील मर्म पाहा. परिच्छेद म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत. त्याच्या शेवटी न दिसणारी एक खूण असते, आणि आकडा त्या परिच्छेदाला चिकटलेला असतो. कंट्रोल व एफ१० दाबले की ती खूण दिसते. लपवायचे तर खुणेसकट लपवावे. त्यासाठी रायटरमध्ये 'हिडन पॅराग्राफ' आहे. मोठा भाग असेल, मथळा आणि तक्ता धरून, तर त्याचा 'सेक्शन' करून त्यालाच अट घालावी. येथे पुष्कळजण फसतात: ही अट दाखविण्याची नसून लपविण्याची असते. ती खरी ठरली की मजकूर जातो. (मी हेही उलटे करून पाहिले आहे!)

नियमाचा हवाला द्यायचा तर आकडा टाइप करू नये. 'क्रॉस-रेफरन्स' घालावा आणि छापण्यापूर्वी एफ९ दाबून तो ताजा करावा. ज्या नियमावर अट आहे, त्याचा उल्लेख करणाऱ्या वाक्यावरही तीच अट हवी; नाहीतर वाचक नसलेल्या नियमाच्या शोधात पाने उलटीत बसतो.

मुलांनो, उद्या तुम्ही जमातीची नोटीस, मशिदीचा हिशेब, दुकानाचे बिल टाइप कराल. पडद्यावर सगळे ठीक दिसते. दोन्ही प्रती कागदावर काढा आणि ज्याने टाइप केले नाही त्याच्याकडून वाचून घ्या. आमच्याकडे हे काम आता दहावीच्या दोन मुली करतात. यंदा त्यांनी माझ्या तीन चुका काढल्या. त्या प्रती बाहेरच्या टेबलावर तांबड्या खुणांसह ठेवल्या आहेत.