त्वचेचे चट्टे आणि हाडांची व्यथा



गांधीबाग ही नागपूरची कापडाची मोठी बाजारपेठ. तेथे दिवसभर तागे उलगडणारा गुमास्ता असो वा गाठी वाहणारा हमाल, त्याचा चरितार्थ हातापायांच्या बळावर चालतो. सकाळी बोटे आखडली किंवा टाच टेकवेना, तर दोष कष्टांना दिला जातो. कोपरावरचा खवलेदार चट्टा बाहीखाली झाकला जातो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

सोरायसिस हा अशा विकारांपैकी प्रमुख होय. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच शरीरावर उलटते. त्वचेवर रुपेरी खपल्यांचे लालसर चट्टे उठतात आणि काही रुग्णांत तोच दाह सांध्यांत व हाडांत उतरतो. बहुधा चट्टे आधी येतात व सांधेदुखी काही वर्षांनी सुरू होते. थोड्या रुग्णांत हा क्रम उलटा असतो. नखांवर बारीक खळगे पडणे, एखादे बोट संपूर्ण फुगणे, विश्रांतीनंतर सांधे ताठरणे व हालचालीने मोकळे होणे ही त्याची लक्षणे आहेत.

याच स्वरूपाचा एक विरळ विकार आहे. त्यात तळहात-तळपायांवर पुवाचे फोड किंवा तीव्र मुरुमे येतात आणि छातीच्या मधल्या किंवा गळ्याच्या हाडाला सूज येते. १९८७ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी त्यास ‘सॅफो’ हे नाव दिले. अशी सूज पाहून क्षय वा कर्करोगाचा संशय येऊ शकतो. म्हणून त्वचेची माहिती डॉक्टरांना सांगणे अगत्याचे ठरते.

तथापि चट्टा दाखविण्यास लोक धजत नाहीत, कारण मनात कुष्ठरोगाची धास्ती असते. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले, त्या विदर्भात तरी ही धास्ती उरू नये. कुष्ठरोग आज औषधांनी बरा होतो. सोरायसिस तर स्पर्शाने मुळीच पसरत नाही.

सांध्यांची एकदा झालेली झीज भरून येत नाही. वेळीच उपचार झाल्यास मात्र ती रोखता येते. यासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्झेट सामान्यतः आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊन एकाएकी सोडल्यास चट्टे उसळतात. म्हणून गांधीबागेनजीकचे मेयो रुग्णालय असो वा गावाजवळचे आरोग्य केंद्र, उपचार डॉक्टरांच्याच सल्ल्याने व्हावेत.

येथे शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे आहे. चट्टे असलेल्या मुलास वर्गात वेगळे बसवू नये. सांधे दुखणाऱ्यास ‘अंगावर चट्टे आहेत काय?’ आणि चट्टे असणाऱ्यास ‘सकाळी सांधे आखडतात काय?’ एवढे आपुलकीने विचारावे. या एका प्रश्नाने एखाद्या कष्टकऱ्याचे हात कायमचे अधू होण्यापासून वाचू शकतील.