जागतिक दिन आणि गावची चावडी

जानेवारी महिन्याचा शेवटचा रविवार अनेक देशांत कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. राउल फोलेरो या फ्रेंच लेखकाने १९५४ साली ही प्रथा सुरू केली. रोग्याला औषध मिळावे आणि त्याला माणूस म्हणून वागविले जावे, अशी त्यांची दुहेरी मागणी होती. भारतात हा दिन ३० जानेवारीस, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीस, पाळतात. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केली होती. तेव्हा तारीख निराळी असली तरी आशय निराळा नाही.

दिन साऱ्या जगाचा. रोग मात्र कोणा एकाच्या घरात, कोणा एकाच्या पाठीवर उमटतो. दूरदेशी ठरलेला संदेश त्या घराचा उंबरठा कसा ओलांडतो, हा खरा प्रश्न आहे. या एका प्रश्नावर अशा सर्व मोहिमांचे यशापयश अवलंबून असते.

या रोगाचे जंतू नॉर्वेतील हानसेन यांनी १८७३ साली शोधून काढले. रोगाची चाहूल फार सौम्य असते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो. तो दुखत नाही, खाजत नाही, तेथील संवेदना तेवढी नाहीशी होते. जे दुखत नाही त्याची तक्रार कोण करणार? दरम्यान जंतू मज्जातंतूंवर घाला घालीत राहतात. पुढे हाताला चटका बसला तरी कळत नाही, पायाला जखम झाली तरी कळत नाही, आणि बोटे वाकू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेला बहुविध औषधोपचार या रोगावर पूर्ण गुणकारी आहे. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घ्यावयाच्या. त्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रोग्यापासून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. परंतु गोळ्यांनी जंतू मरतात. फार दिवस बधिर राहिलेला हात सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून येथे सारा खेळ वेळेचा आहे. चट्टा लपविण्यात गेलेली दोन वर्षे माणसाला जन्माचे अपंगत्व देऊ शकतात.

तो लपविला का जातो? भीतीपोटी. आणि ही भीती बाहेरच्या माणसाच्या भाषणाने जात नाही. उलट, शब्द चुकीचा पडला तर ती वाढते. 'महारोग' हा शब्द कानी पडताच घराचे दार बंद होते. 'अंगावर बधिर चट्टा आहे का?' असे विचारले तर तेच दार उघडते. दुसऱ्या एका शब्दाचे उदाहरण तर सर्व देशाने अनुभवले आहे. २००५ अखेर भारतात कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' झाल्याचे घोषित झाले. त्याचा तांत्रिक अर्थ एवढाच होता, की दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण उपचाराखाली उरले. पण निर्मूलन म्हणजे मुळासकट नाहीसे होणे, असाच अर्थ मराठी माणूस घेणार. रोग संपला, अशी समजूत पसरली. वस्तुतः २०२३ साली जगात सुमारे १ लाख ८३ हजार नवे रुग्ण आढळले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भारतातील होते.

अशा वेळी स्थानिक संस्थेचे मोल कळते. हैदराबाद संस्थानातील डिचपल्ली येथे इझाबेल कर या मिशनरी बाईंनी १९१५ च्या सुमारास रुग्णालय उभारले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्था स्थापन झाली. रोग्याने येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन शोध, शिक्षण आणि उपचार करण्याची पद्धत तिने घालून दिली. युरोपातील मदत करणाऱ्या संस्थांचा संघ पुढे १९६६ साली निर्माण झाला. त्याच्या किती तरी आधीपासून गावच्या वाटा तुडविणारी माणसे येथे होतीच. निधी आणि औषध दुरून येऊ शकते. विश्वास दुरून आणता येत नाही.

स्थानिक कार्यकर्त्याला जे ठाऊक असते ते कोणत्याही पत्रकात नसते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस गेलेली बिऱ्हाडे जानेवारीत गावी नसतात, तेव्हा जागतिक दिनी त्यांच्या दाराला कुलूपच भेटणार. पाठीवरचा चट्टा तपासावयाचा तर स्त्रियांची तपासणी स्त्रीनेच करावयास हवी. म्हणूनच सरकारी शोधमोहिमेत आशा कार्यकर्तीबरोबर एक पुरुष स्वयंसेवक दिलेला असतो. रोग्याच्या दारात मोठ्या अक्षरांची मोटार उभी राहिली, तर लेकीचे लग्न मोडेल हेही शेजारणीलाच कळते.

२०१७ पासून सुरू झालेल्या 'स्पर्श' मोहिमेत ३० जानेवारीस ग्रामसभा भरवावी, जिल्हाधिकाऱ्यांचा संदेश वाचावा, गावातल्याच एका मुलीने 'सपना' बनून लोकांशी बोलावे, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. कारण तिच्यात गावाचा आवाज आहे. परंतु संदेश वाचला, टाळ्या पडल्या आणि सभा उठली, तर तो केवळ एक सोहळा ठरेल. मोहिमेचे माप किती भित्तिपत्रके लागली हे नव्हे. बोटे वाकण्यापूर्वी किती जण दवाखान्यात आले, हे होय. येथे वरिष्ठांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. मोहीम चांगली झाली तर प्रथम नव्या रुग्णांची संख्या वाढते. आकडा वाढला म्हणून कार्यकर्त्याला जाब विचारला, तर पुढच्या वर्षी आकडा खाली येईल, पण रोग तेथेच राहील.

तेव्हा जगाच्या पातळीवर काम करणाऱ्यांनी स्थानिक संस्थेस केवळ निरोप्या समजू नये. शब्द बदलण्याची, दिवस बदलण्याची, प्रसंगी योजना चुकीची आहे असे सांगण्याची मुभा तिला असावी. आणि मदत एका दिवसापुरती नव्हे, वर्षभराची असावी. कुष्ठरोग्यांना वेगळे काढणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमेही २०१९ साली गेली. कायदा राजधानीत बदलला; पाणवठ्यावरची आणि पंगतीतली वागणूक गावालाच बदलावी लागेल.

ते काम सरपंच, कीर्तनकार, पाद्री, मौलवी, शिक्षक आणि आशाताई यांचे आहे. ज्याच्या शब्दाला ज्या गल्लीत मान असेल, त्याने त्या गल्लीत एवढेच सांगावे: अंगावर न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा असेल तर तो दाखवा; औषध फुकट आहे, आणि घर तुमचेच राहील. या वाक्याचा उत्तरार्ध खरा करून दाखविण्याची जबाबदारी मात्र ऐकणाऱ्या सर्वांची आहे.