पोटासाठी परमुलखात
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, बोईसर)



१६९१ मध्ये लिमरिकचा तह झाला आणि इंग्रजांपुढे पराभूत झालेले हजारो आयरिश सैनिक फ्रान्सला निघून गेले. मागे राहिलेल्या कॅथलिकांच्या जमिनीच्या हक्कांवर कायद्यांनी गदा आणली. पुढे अनेक दशके आयरिश तरुण फ्रान्स, स्पेन आणि ऑस्ट्रियाच्या पलटणींत भरती होत राहिले. तंटे राजघराण्यांच्या वारशाचे. रक्त मात्र ह्या निर्वासितांचे.

फ्रान्सच्या अशाच एका आयरिश पलटणीत उमेदवारी केलेला साव्हॉयचा द ब्वान्य १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला. त्याने कवायती फौज उभारली. वरिष्ठ अधिकारी युरोपीय, शिपाई बव्हंशी अवध-दोआबातले. टिपरेरीचा गरीब आयरिश खलाशी जॉर्ज टॉमसही आप्पा खंडेराव ह्या मराठा सरदाराच्या पदरी राहिला आणि पुढे हांसीचा धनी झाला.

ह्या मुलखाचाही ह्या इतिहासाशी संबंध आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला आणि मे महिन्यात वसई लढून घेतली. त्याच वसईस ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज पदरी ठेवण्याचा तह केला आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला.

१८०३ मध्ये युद्ध पेटले. शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना इंग्रजांनी तनख्याचे आमिष दाखवले. द ब्वान्यच्या जागी आलेला सेनापती पेराँ आपली संपत्ती सांभाळून इंग्रजांच्या आश्रयास गेला. मात्र १ नोव्हेंबर रोजी लासवारीला त्याच फौजेचे शिपाई तोफांजवळून हटले नाहीत. ते तेथेच मेले. तेही परमुलखातलेच होते, तेही पगारीच होते.

आज तारापूरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार राबतो आणि इथला आदिवासी पावसाळा सरताच कुटुंबासह वीटभट्टीवर जातो. दोघांनाही कुणीतरी 'उपरा' म्हणतोच. पोटासाठी गाव सोडणाऱ्याच्या निष्ठेवर संशय घेणे सोपे असते. त्याला गाव का सोडावे लागले, त्याच्या पायाखालची जमीन कोणी काढून घेतली, हा प्रश्न अवघड असतो. कामगार संघटनेने विचारायचा तो हाच प्रश्न. स्थानिक आणि परप्रांतीय एकाच सभेत बसल्याखेरीज त्याचे उत्तर मिळणार नाही.